चुलीवर वाळवलेला लॅपटॉप

महाडच्या एसटीत बसल्याबसल्या रेश्मा सासूला सुनवायची वाक्यं मनात जुळवत होती. मांडीवर पिशवी, पिशवीत लॅपटॉप, आणि त्याला धुराचा असा वास की शेजारच्या बाईने दोनदा वळून बघितलं.

झालं होतं असं. सकाळी माकडांनी कौल सरकवलं आणि टेबलावरच्या लॅपटॉपवर पावसाची धार लागली. रेश्माने तो बंद केला, पुसला, पालथा घातला आणि फोनला रेंज मिळेना म्हणून रस्त्यापर्यंत गेली. परत येते तो लॅपटॉप गायब. कापडे गावात पावसाळाभर ओलं लुगडं असो की सरपण, चुलीवर टांगलेल्या बांबूच्या तट्टीवर वाळतं. सासूने, गोदूबाईंनी, लॅपटॉप तिथेच उघडून ठेवला होता. खाली भाताला आधण आलेलं.

रेश्मा गणितात एम.एस्सी. नवरा मुंबईला भावाच्या खोलीत राहतो, तिथे हिला पाय पसरायला जागा नाही. म्हणून तिने घरात वायफाय बसवून घेतलं आणि घरून शिकवायचं काम शोधलं. पुण्याच्या क्लासवाल्यांनी नेमका त्याच संध्याकाळी नमुन्याचा तास ठेवलेला. तो हुकला की काम दुसऱ्या कुणाला तरी जाणार.

महाडला दुरुस्तीवाल्या प्रवीणने झाकण खोललं आणि विचारलं, "वहिनी, यावर मासे भाजलेत काय?"

रेश्माला हसू आलं नाही. पाण्याने नुसती आतली वायर ओली झाली होती, ती पुसून भागलं असतं. पण चुलीच्या उष्णतेने पडद्यामागचे, उजेड पसरवणारे पातळ कागद सुरकुतले होते. नवा पडदा मुंबईहून येणार, कधी ते सांगता येत नाही. जुना लावा म्हटलं, तर दुकानातला एकही बसेना. मग रेश्माने माकडं, कौलं, चूल, पुणं, सगळ्यांचा उद्धार सुरू केला. तो चालू असतानाच, बाकीचं यंत्र जिवंत आहे का हे बघायला प्रवीणने दुकानातला मॉनिटर जोडला. चित्र लख्ख उमटलं. रेश्मा बोलता बोलता थांबली. घरात एक पडदा होता की! गोदूबाईंचा टीव्ही. जोडायची वायर घेऊन ती पोलादपूरच्या गाडीकडे पळाली.

घरी पोचली तो मालिकेची वेळ झालेली. जुळवलेल्या वाक्यांतलं एकच तिच्या तोंडून निघालं. "आई, लॅपटॉप तुम्ही भाजलात, आता टीव्ही मला लागेल."

"पानी सुकलं का नाय, ता सांग."

सुकलं होतं. रेश्माने टीव्हीला लॅपटॉपची वायर जोडली.

तास सुरू झाला. गोदूबाई आपली जागा सोडेनात. रेश्माच्या मागे, कॅमेऱ्यात पुऱ्या दिसतील अशा पाटावर बसून त्या अपूर्णांकांकडे रागाने बघत राहिल्या. तेवढ्यात मालिका बघायला शेजारची ठकूबाई आली.

तास संपला. पुण्याचे साहेब म्हणाले, शिकवणं आवडलं, सोमवारपासून रोज याच वेळी घ्या, फक्त मागच्या बाईंना तेवढं उठवा.

मागच्या बाई ठकूबाईला सांगत होत्या, "मेलाच हुता गो तो. मी सुकवला म्हनून तिला काम लागलाय."

रेश्माने वळून तोंड उघडलं. पण साहेब अजून लाइनवर होते.

"हो सर," ती म्हणाली. "उठवते."