लाल नाड्याची शेवंती

माझ्या नणंदेच्या धाकट्या दिराइतका माणसांना बुजणारा आणि झाडांशी सलगी करणारा माणूस साऱ्या अणदूर भागात दुसरा नसेल. शेतीच्या कॉलेजात ते फुलझाडांचे रोग शोधतात. घरी आले की आधी उंबऱ्याजवळच्या कुंडीची विचारपूस, मग आमची. एका लग्नात तर नवरदेवाच्या गळ्यातला हार उलटा करून बघत बसले, नवरदेव बिचारा मान पुढं करून उभा. खंडोबाच्या देवळातही हात जोडायचं विसरून हारातल्या झेंडूकडं टक लावतात. सासूबाई म्हणायच्या, "ह्यो माणूस देवापुढं पण वाकत न्हाय."

तेच भावजी मागच्या हिवाळ्यात आमच्या अंगणातल्या शेवंतीपुढं गुडघे टेकून बसले. तिच्या पिवळ्या फुलांवर पांढरे पट्टे आले होते, पानांवर फिकट कडी. आम्हाला ते रूप आवडायचं. भावजींनी डोळ्याला भिंग लावलं, मान खाली घातली आणि बराच वेळ हललेच नाहीत. मग थोडी पानं पिशवीत घेतली, खुणेसाठी देव्हाऱ्याजवळचा लाल नाडा झाडाला बांधला आणि, "वहिनी, हिला कुणाला शिवू देऊ नका," एवढंच सांगून गेले.

देवापुढं न वाकणारा माणूस शेवंतीपुढं वाकला, हे गल्लीनं बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी झाडाला हळदीकुंकू लागलं. शिवू नका म्हटलं तर बायका आंघोळ करून येऊ लागल्या. मी शेतात गेले की सासूबाई फुटवे काढून एकेकीला द्यायच्या. दारोदार शेवंती लागली, प्रत्येकीला लाल नाडा.

भावजी परत आले ते अंगणातच थबकले. म्हणाले, "वहिनी, तपासलं. माहीत असलेल्या कुठल्याच विषाणूशी जुळत नाही. नवाच आहे." जन्मभर शोधलेलं सापडलं होतं, पण त्यांची नजर समोरच्या दारांवरून फिरत होती.

"आमाला व्हतोय का त्यो?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही मावशी, झाडालाच. पण गल्लीमागं लोकांचे शेवंतीचे मळे आहेत. रस शोषणारा मावा हा रोग घेऊन तिकडं उडाला की संपलं."

मग तो बुजरा माणूस घरोघर फिरला. प्रत्येक घरी चहा घ्यावा लागला, तेव्हा कुठं जाळायला एकेक झाड हाती आलं. शेवटची म्हातारी काही ऐकेना. "हिच्यापायी माज्या नातीचं जमलं. न्हाय देत."

देवळात न जुळणारे हात भावजींनी तिच्यापुढं जोडले. "आजी, नातीचं जमलंय ते मोडत नाही. झाड द्या, मळे जगू द्या."

"घे बाबा. पर जाळायच्या आदी तिच्या पाया पड."

ते खरंच पडले.

पुढं त्यांनी साऱ्या गल्लीला निरोगी रोपं पाठवली. मळे वाचले. आता आमची शेवंती नुसती पिवळी फुलते, आणि भावजींना इकडं मुद्दाम यायला कारण उरलेलं नाही. सकाळी पाणी घालताना मी त्यांच्यासारखं एखादं पान उलटून बघते. स्वच्छ निघतं. बरं वाटतं. तरी पुढचं पान उलटतेच.