बंद कधी पडत नाही, ते सांगा

दोष शोधणारी माणसे लातुरात गल्लोगल्ली आहेत. परंतु दोष शोधून काढल्यावर तो कोणाच्याही माथी न मारता, हत्यारांची पिशवी उचलून चहाला परत येणारा मनुष्य मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आम्ही सर्व त्यांना चाचा म्हणत असू. तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली माझे अर्जनविशीचे टेबल आहे. त्या टेबलाशेजारच्या स्टुलावर चाचा बसत आणि बोलावणे आले की औद्योगिक वसाहतीत जाऊन रोबोटची नाडी पाहून येत. आमच्याकडील डाळमिलांत पोत्यांच्या थप्प्या लावण्यासाठी आता माणसाऐवजी दोन पुरुष उंचीचा लोखंडी हात उभा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नाही. तो हात रुसला म्हणजे पुण्याहून इंजिनिअर येईपर्यंत दोन दिवस जात. चाचा रिक्षाने वीस मिनिटांत पोहोचत. मूळचे ते पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरणारे कारागीर. माझे शालेय शिक्षण नववीपाशी थांबले, त्यांचे चौथीपाशी. त्यामुळे आमच्यात विद्वत्तेचा तंटा कधी उद्भवला नाही. ते मला ‘वकीलसाब’ म्हणत. मी वकील नाही हे त्यांना ठाऊक होते, आणि मी ती चूक दुरुस्त करीत नाही हेही.

त्यांच्या पद्धती सामान्य माणसास वेड लावणाऱ्या होत्या. रोबोटभोवतीच्या जाळीच्या कुंपणात शिरण्यापूर्वी ते चप्पल काढून ठेवीत. बंद पडलेले यंत्र कोणी पुन्हा चालू करू लागला, तर त्याचा हात धरीत. ‘पुरावा पुसू नका’ म्हणत. मग घडीची खुर्ची मांडून यंत्रासमोर तासभर नुसते बसत, इतके की एका कारखान्यात त्यांना पाहुणे समजून दोनदा नाश्ता देण्यात आला. त्यांच्या स्वतःच्या घरातील पंखा चार वर्षे फिरत नव्हता. कारण विचारले तर म्हणत, “अभी निरीक्षण चालू हाय.” लग्नात जेवायला गेले तरी ताट हातात घेऊन जनरेटरपाशी उभे राहत आणि त्याच्या आवाजावरून त्याला काय होते आहे ते वरपित्यास सांगत. एकदा गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कधी दुखतो असे विचारताच हे म्हणाले, “कधी दुखत न्हाई ते विचारा, डॉक्टरसाब. दुखनं तर सगळेच सांगतात.”

हाच त्यांचा मूळ प्रश्न होता. यंत्र असो वा गुडघा, बंद कधी पडत नाही ते सांगा. मला तो प्रश्न प्रारंभी उफराटा वाटे. अर्जाची रीत अशी की, तक्रार प्रथम मांडावी, जोरकस मांडावी, आणि जे सुरळीत आहे त्याचा उल्लेखही करू नये. मी तसेच लिहीत आलो होतो, आणि माझ्या लेखणीचा दरारा रेणापूरपर्यंत होता हे नम्रपणे नमूद करतो.

त्या रेणापूरचीच सविता नावाची बाई एके दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी आली. वय तिशीच्या आसपास, आयटीआय झालेली, एका डाळमिलमध्ये रोबोट चालवणारी. तिला माफीनामा लिहून हवा होता. गेले तीन आठवडे तिचा रोबोट रोज दुपारी पोते हवेत धरून थांबत होता. पुण्याच्या इंजिनिअरने येऊन एक कार्ड बदलले, एक केबल बदलली, आणि तो निघून गेल्यावरही दुपारी रोबोट थांबला, तेव्हा पुण्याहूनच ‘ऑपरेटरची चूक’ असा शेरा मारला. मॅनेजरसाहेबांचे म्हणणे असे की, चूक कबूल केल्यास तिला पोती शिवण्याच्या कामावर ठेवू, न केल्यास तिने घरी बसावे.

मी माफीनामा सिद्ध केला. ‘अनवधानाने घडलेल्या अक्षम्य प्रमादाबद्दल’ इथपासून ‘आपल्या उदार अंतःकरणास शरण’ इथपर्यंत एकही शब्द सैल नव्हता. सविताने तो दोनदा वाचला. पेन घेतले, पण सही केली नाही.

“लई चांगलं लिवलंय, काका,” ती म्हणाली. “पर ह्याच्यावर सही केली की मी मशीन मोडनारी ठरले. मग लातुरात मला कुनी मशीनला हात लावू देनार न्हाई.”

चाचांनी बशीतला चहा संपवला. “बेटी, बंद कधी पडत न्हाई?”

तिने जराही विचार न करता सांगितले, “सकाळी न्हाई पडत. दोन वाजता कोंडा उडवायचा मोठा ब्लोअर चालू होतो, त्याच्यानंतर पडतो.”

“पुण्याचे साहेब कधी आलते?”

“सकाळी.”

“आन् मागल्या महिन्यात, ब्लोअर चालू असताना?”

“तवा न्हाई पडायचा.”

“सही नको करू,” चाचा उठत म्हणाले. “वकीलसाब, चला. मशीनचा जबाब लिवायचा हाय.”

आम्ही दोनच्या आत कारखान्यात पोहोचलो. चाचांनी चप्पल काढली, खुर्ची मांडली. तो पिवळा हात शांतपणे एकेक पोते उचलून थप्पीवर ठेवीत होता. दोन वाजता ब्लोअर घरघरला. सातव्या पोत्याला हात अधांतरी थांबला आणि लाल दिवा लागला. मॅनेजरसाहेबांनी सविताकडे पाहिले. ती तेव्हा यंत्रापासून दहा पावलांवर, दोन्ही हात पाठीशी बांधून उभी होती.

चाचांनी पडद्यावरील मजकूर वाचला. “ह्याला आपला हात कुठं हाय तेच कळंना झालंय. खबर तारेतून येते, पर तारेत खरखर शिरून राहिली.” मग त्यांनी कंट्रोलचे कपाट उघडले, मीटर लावला आणि अनपेक्षितपणे यंत्राकडे पाठ फिरवली. कपाटातून निघालेल्या एका हिरव्या वायरीवर बोट ठेवून ते भिंतीकडेने चालू लागले. आम्ही त्यांच्यामागे. वायर गोदामातून बाहेर पडली आणि मागील आवारात सिमेंटचे झाकण असलेल्या एका खड्ड्यात उतरली. तो अर्थिंगचा खड्डा होता, म्हणजे यंत्रांतील फाजील वीज आणि असली खरखर ओल्या मातीतून जमिनीत जिरवणारा. झाकण काढल्यावर आत माती तळहाताएवढ्या भेगांनी तडकलेली दिसली.

“हितं पानी कोन घालतं?” चाचांनी विचारले.

“मीच घालत होतो,” म्हातारा पहारेकरी म्हणाला. “रोज दोन बादल्या. आता बंद केलं.”

“काहून?”

पहारेकऱ्याने नळाशेजारच्या भिंतीकडे हात केला. तेथे नोटीस होती: ‘आवारातील जमिनीवर पाण्याचा एक थेंबही ओतताना आढळणाऱ्या इसमाविरुद्ध कोणतीही दयामाया न दाखविता कठोर कार्यवाही करण्यात येईल.’ महिन्यापूर्वी, टँकरवर पाणी आणण्याच्या दिवसांत, मॅनेजरसाहेबांनी शिपायाकरवी ती माझ्याकडून लिहून घेतली होती. ‘दयामाया’ हा शब्द मी माझ्या पदरचा घातला होता.

“लई कडक लिवलंय,” पहारेकरी म्हणाला. “वाचूनच घाम फुटला. दोन बादल्यांची इजाजत मागायची बी हिंमत न्हाई झाली.”

चाचांनी मातीत ओल टिकावी म्हणून मीठ मागवले, सहा बादल्या पाणी ओतवले, आणि खुर्ची खड्ड्यापाशी आणून तासभर बसले. त्यानंतर मध्यंतरी बंद ठेवलेला ब्लोअर पुन्हा सुरू झाला. हाताने सातवे पोते ठेवले, सत्तरावेही ठेवले. सविता मोजत होती. सत्तरीनंतर तिने मोजणे सोडले आणि बटणांपाशी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिला कोणी अडवले नाही.

मॅनेजरसाहेबांना अहवाल लेखी हवा होता, आणि त्यात दोषी कोण ते स्पष्ट हवे होते. “ती नोटीस लिहिली होती कोणी?” त्यांनी विचारले. कागद माझ्या हातात होता. मी घसा साफ केला.

“पानी वाचवा म्हननं गुन्हा न्हाई, साहब,” चाचा माझ्याकडे न पाहता म्हणाले. “लिवा, वकीलसाब: माती कोरडी पडली. बस.”

मी तेवढेच लिहिले. माझ्या कारकिर्दीतील तो सर्वांत लहान मजकूर असावा. परतताना रिक्षात चाचा गुडघा चोळीत होते. मी नोटिशीचा विषय काढला, तर ते म्हणाले की, ब्लोअरच्या बेअरिंगचा आवाज त्यांना बरा वाटला नाही. दुसऱ्या दिवशी मी आपणहून नवी नोटीस नेऊन दिली. तीत खड्ड्याच्या दोन बादल्या वगळल्या होत्या.

आता चाचा नांदेडला मुलीकडे असतात. गुडघा जिने चढू देत नाही, आणि तेथे त्यांना कोणी कारखान्यात नेत नाही. फोनवर ते जावयाच्या फ्रिजविषयी बोलतात. त्याचेही निरीक्षण चालू आहे. इकडे स्टूल रिकामे असते. लोक त्यावर पिशव्या ठेवतात. तक्रार घेऊन कोणी आला की मी हल्ली लेखणी उचलण्यापूर्वी विचारतो, ‘बरे कधी असते, ते आधी सांगा.’ निम्मे लोक बुचकळ्यात पडतात. काही जण बोलता बोलता अर्ज न करताच उठून जातात, आणि मी त्यांना थांबवत नाही.

सविताचा माफीनामा माझ्या खणात आहे. भाषेच्या दृष्टीने तो माझ्या उत्तम लेखनांपैकी एक म्हणावा लागेल. खाली सहीची जागा कोरी आहे. तेथे कोणाची सही असायला हवी होती, हे चाचांना त्या खड्ड्यापाशी, नोटिशीतील माझी भाषा ओळखताच कळले होते. त्यांनी ते मला कधी सांगितले नाही.