हातात घेऊन परत ठेवलेलं

बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या त्या मावशींचं नाव मी कधी विचारलंच नाही. रीलसाठी कुणाला न सुचलेला विषय शोधत मी रोज तिथे घुटमळायचे. एकदा माश्या वारता वारता त्या म्हणाल्या, "लोक काय नेतात ते नको बगू. हातात घेऊन परत काय ठेवतात, ते बग."

लोक पट्टीसारख्या लांब वाकट्या परत ठेवत होते. त्या साफ कशा करायच्या, हेच त्यांना ठाऊक नव्हतं! मी रीलमध्ये तेच दाखवलं आणि चक्क एका मसाला कंपनीनं जाहिरातीसाठी विचारलं. नाचतच मावशींकडे गेले, रील लावून फोन हातात दिला.

त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि फोन वाकट्यांच्या ढिगावर परत ठेवला.

मी हसत तिथेच फतकल मारली. "बोला मावशी, काय चुकलं?"