कात्रीची खुंटी

आमच्या ओसरीत चिंध्यांचं एक पोतं होतं. फेकून द्यायला मन होत नसे आणि ठेवून काय करायचं तेही कळत नसे. किस्स्यांचं माझ्याजवळ तसंच झालंय. परवा नातसुनेनं सहज विचारलं, "आजी, तुमच्या वेळी दुपारी बायका काय करायच्या हो?" झालं! मी पोतं उपडं केलं, आणि तिची वरणाला फोडणी द्यायची राहून गेली.

तर गोष्ट अकोल्याची, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातली. मी मोर्शीची, लग्न होऊन इथे आले. सासरे कोर्टात नाझर होते, तेव्हा नुकतेच पेन्शनीत निघालेले. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. कोर्ट सुटलं होतं, पण नाझरकी सुटली नव्हती. घरात पाण्याचा माठ कुठे ठेवायचा याचासुद्धा हुकूम निघायचा.

फक्त दुपारी दोन ते पाच ओसरी माझी! सासूबाईंच्या माहेरचं हाताचं शिवणयंत्र होतं. त्यावर आम्ही चौघी जुन्या लोकरीचे कोट, स्वेटर फाडून कानटोप्या, पायमोजे, मफलर असलं काहीबाही शिवायचो. चौघी म्हणजे मी, सासूबाई, शेजारची सुमनताई आणि शेवंताबाई. सुमनताई कास्तकाराची बायको, हळू बोलली तरी नदीवर धुणं धुणाऱ्या बायका वर पाहायच्या. शेवंताबाई नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण, कात्री त्यांच्या हाती. छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर त्या कुणाच्याही दारात आल्या की ठणठणीत "जयभीम" म्हणायच्या. पहिल्या दिवशी मामाजी गडबडले, "जय... जय... बसा!" म्हणाले. सासूबाईंनी आमच्याच कपबशीत शेवंताबाईंना चहा दिला आणि मामाजींकडे नुसतं पाहिलं. मामाजींनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. सासूबाई बोलायच्या कमी, पण त्यांचं पाहणं फार होतं.

ओसरी मिळाली ती एका अटीवर. मामाजींनी भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या आणि वर सुबक अक्षरात कागद डकवला : "डावी खुंटी घराची. उजवी खुंटी कात्रीची." उजवीवर टांगलेलं कापायचं, डावीकडे बोटसुद्धा लावायचं नाही. "माझ्या घरातल्या एका कपड्याला जरी कात्री लागली, तर त्याच दिवशी मशीन उचला!"

मला त्या घरात माझं म्हणावं असं ते तीन तासच होते. म्हणून सांगते, त्या डाव्या खुंटीला मी देवापेक्षा जास्त भ्यायची.

* * *

पहिला पराक्रम सुमनताईचा. एक दिवस ती पदराखाली काहीतरी लपवून आली. पाहतो तर बाळाचा स्वेटर. "कोणाचा गं?"

"यायचाच!" म्हणजे नवऱ्याचा! मळ निघावा म्हणून बाईनं तो सोडा टाकून तासभर खळखळ उकळला होता.

"अगं बाई! मग ते काय म्हणाले?"

"मी बोलूच देल्लं नाही. म्हटलं, स्वेटर हाय तेवढाच हाय, तुमीच फुगले! तवापासून बापा, अर्धीच भाकर खाऊन राहिले."

आम्ही हसून लोळलो. शेवंताबाई मात्र तो स्वेटर उलटासुलटा करून पाहत होत्या. त्यांनी सरळ कात्री घातली आणि ओरडल्या, "पहा वं! धागाच सुटून नाही राहिला!" आटलेली लोकर अशी घट्ट बसली होती की कडा उसवतच नव्हती. त्या दिवसापासून आम्ही आलेला प्रत्येक स्वेटर आधी उकळायला लागलो. सुमनताईच्या नवऱ्याला मात्र खरं काय ते आम्ही सांगितलं नाही, त्याची तब्येत चांगली सुधारली होती.

* * *

दुसरा नियम शेवंताबाईंचा. खिसे तपासल्याशिवाय कात्री नाही. खिशात काय काय निघायचं! सुपारी, सिनेमाची तिकिटं, एकदा तर सुकलेलं संत्र्याचं साल. एका वकीलसाहेबांचा कोट आला, त्याच्या आतल्या खिशात रुमालाची पुरचुंडी निघाली. सोडली तर आत दात! अख्खी कवळी! सुमनताईनं ती किंचाळून माझ्या मांडीवर फेकली, मी शेवंताबाईंच्या.

मी आणि शेवंताबाई ती कवळी परत द्यायला गेलो. वकिलीणबाईंनी दार अर्धवट उघडलं, पुरचुंडी पाहिली, मागे वळून कानोसा घेतला आणि हळूच म्हणाल्या, "बायांनो, तुमच्याजवळच राहू द्या. दोन वर्षं झाली, घरात आवाज नाही."

* * *

पायमोजे हा सासूबाईंचा शोध. स्वेटर फाटला तरी बाह्या धड राहतात. सासूबाईंनी एक बाही हातात घेतली, कोपराशी फुगलेली जागा दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "इथं टाच बसते." बस्स, एवढंच! मनगटाकडचं तोंड शिवून टाकायचं, कोपराच्या जागी टाच, आणि पायमोजा तयार. कोटाच्या जाड बाहीलाही त्या कोपराशी अशी चुणी घालायच्या की टाच बरोबर बसायची.

पहिली जोडी सुमनताईच्या सासऱ्यांना दिली. म्हातारबुवा खूश झाले आणि तीन दिवस ती हातात घालून हिंडले. "कसे आहेत, बुवा?" तर म्हणाले, "गरम हायेत, पण जेवता येऊन नाही राहिलं."

सासूबाईंनी अशा किती जोड्या शिवल्या असतील! पण स्वतः मात्र हिवाळाभर भेगाळलेल्या पायांनी गार फरशीवर. मी म्हटलं, "आई, एक जोडी तुम्हाला ठेवा ना." तर म्हणाल्या, "चांगलं कापड आलं तर पाहू."

* * *

आता मामाजींच्या कोटाबद्दल सांगायला हवं. गडद हिरवा, गुडघ्यापर्यंत लांब, नागपूरला शिवलेला, पुढे सहा पितळी बटणं, मनगटांशी एकेक छोटं. आला-गेला कोणीही असो, मामाजी सुरू. "इंग्रज गेले, आपण मध्य प्रदेशात गेलो, मग मुंबई राज्यात, मग महाराष्ट्र आला. चार सरकारं पाहिली, पण कोट एकच!"

आतून सासूबाईंचा आवाज यायचा, "अन् चारही सरकारांत उन्हात घालाले मीच!"

खरंच होतं ते. दर दिवाळीनंतर पेटीतून काढायचा, ऊन दाखवायचं, ब्रशानं झाडायचा, बटणं चिंचेनं घासायची. मामाजी ओसरीत बसून सूचना करायचे, "कॉलर! कॉलरकडे लक्ष!"

* * *

बटणांचं खूळ आलं ते मोर्शीहून. माझे दादा संत्र्याच्या बागा सांभाळायचे. त्यांच्या राखणदारासाठी मी एक टोपी धाडली होती. ती कोणाच्या तरी जुन्या वर्दीच्या कापडाची, आणि कपाळावर पितळी बटण तसंच राहिलं होतं. पहाटे चोर पोती घेऊन बागेत शिरले. राखणदार शेकोटीपाशी उठून उभा राहिला, जाळाच्या उजेडात कपाळावरचं बटण चमकलं, आणि चोर "पोलीस! पोलीस!" करत पोती टाकून पळाले. भरलेली पोती! राखणदाराला काही कळलंच नाही. दादांना म्हणाला, "मालक, आजकालचे चोर फार भले हायेत. संत्री तोडून ठेवून जातेत."

मग काय! शेंदूरजनाघाटपर्यंत बोंब गेली. ज्याला त्याला बटणवाली टोपी हवी. एका रविवारी दादा स्वतःच अकोल्याला हजर. "कुसुम, सहा टोप्या पायजेत, बटणवाल्या. दुपारच्या गाडीनं मले परत जायचं हाय."

तेव्हा मामाजी आठ दिवसांसाठी अमरावतीला माझ्या नणंदेकडे गेले होते. थंडी अजून पडायची होती, म्हणून कोट घरीच. शेवंताबाईंना आणि सुमनताईला मी सुट्टीचं सकाळीच बोलावून घेतलं आणि दादांसाठी स्वयंपाकाला चुलीपाशी बसले. पिठलं, भाकरी, ठेचा. ओसरीतून मशीनचा आवाज येत होता. दादा जेवले, सहा टोप्यांचं गाठोडं काखेत मारलं आणि गेले.

मग मी केरसुणी घेऊन ओसरीत आले. जमिनीवर गडद हिरव्या कातरणी! आणि त्यात कॉलरचा तुकडा, नागपूरच्या शिंप्याच्या चिठ्ठीसकट!

मी तो तुकडा उचलून धरला. "शेवंताबाई, हे काय केलं?"

"काहून? उजव्या खुंटीवर होता ना! अन् बाह्या अगोदरच काढेल होत्या. मले वाटलं, तुमीच कापाले घेतला."

बाह्या नव्हत्या म्हणूनच शेवंताबाईंनी कोट ओळखला नव्हता. सुमनताईनं पहिल्यांदाच आयुष्यात तोंडावर हात ठेवला. मी रडायलाच लागले. सासूबाई शांतपणे कातरणी गोळा करत म्हणाल्या, "रडू नको वं. मी पाहतो काय सांगायचं ते."

मामाजी आले. "कोट?"

"रफूले देला. कसर लागली होती," सासूबाई म्हणाल्या. चेहरा असा, की मलाही क्षणभर खरं वाटलं.

* * *

रफू दोन महिने चाललं. मामाजी कॉफी रंगाचा मफलर गुंडाळून काढायचे दिवस. "हा रफूवाला कोट शिवतो आहे की मेंढ्या पाळतो आहे?" रोज हा प्रश्न. रोज मी काहीतरी आणायच्या निमित्तानं आत पळायची.

आणि अशात दादांचं पत्र. "नाझरसाहेबांनी हुरड्याला अगत्याने यावे." मी नाना कारणं काढली. मोर्शीला फार थंडी, गाडीला गर्दी, हुरडा पोटाला जड. मामाजी म्हणाले, "सूनबाई, तुझ्या माहेरच्या हुरड्याची तू अशी बदनामी का करते आहेस?" सासूबाई घर राखायला राहिल्या. मी आणि मामाजी निघालो.

सकाळी बागेत शेकोटी पेटली होती. मामाजी मफलर कानांवर ओढून कुडकुडत बसले होते. इतक्यात दादांनी राखणदारांना हाक मारली. झाडांमधून ते एकेक करून आले. पहिला आला. कपाळावर बटण. दुसरा आला. कपाळावर बटण. मामाजींच्या हातातला हुरडा तसाच राहिला. सहावा आला तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. मोजत होते ते!

मी जमिनीकडे पाहत बसले. ओसरी गेली, मशीन गेलं, दुपार गेली, मनात सगळं आवरून झालं माझं.

त्यातला म्हातारा राखणदार मामाजींजवळ आला. "सायेब, लय गारठले तुमी." स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून त्यानं मामाजींच्या डोक्यावर घातली आणि कानांवर नीट बसवली. "आता पहा कसं वाटते ते. कोण्या भल्या माणसानं इतला चांगला कोट गरिबाच्या कानासाठी देला, देव त्याले शंभर वर्षं आयुष्य देवो!"

मामाजींनी ती टोपी हुरडा संपेपर्यंत काढली नाही. मोर्शी ते अकोला, सगळा रस्ता ते खिडकीबाहेर पाहत होते आणि मी त्यांच्याकडे.

* * *

दुसऱ्या दिवशी दोन वाजता त्यांनी खुर्ची ओसरीच्या मधोमध मांडली. पंचनामाच! आम्ही तिघी भिंतीशी उभ्या.

"कोट कापला कोणी?"

"मी," शेवंताबाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "कात्रीच्या खुंटीवर होता. कागद तुमीच लावला, तुमच्या हुकमानंच कापला."

मामाजींनी कागदाकडे पाहिलं.

"त्या खुंटीवर नेला कोणी?"

सुमनताईनं माझ्याकडे पाहिलं, मी शेवंताबाईंकडे.

"आणि बाह्या? बाह्या काढल्या कोणी?"

मामाजी उठले. सरळ मशीनपाशी गेले आणि त्यावर हात ठेवला. "अट ठरलेली होती. घरातल्या कपड्याला कात्री लागली..." माझ्या डोळ्यांना धार लागली. हुंदका दाबायला मी पदर तोंडात कोंबला.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या.

त्या कधी नव्हे ते लुगडं जरा वर खोचून आल्या होत्या. पायात पायमोजे. गडद हिरवे. कोपराच्या जागी टाच बरोबर बसलेली, आणि दोन्ही घोट्यांवर चिंचेनं घासलेलं एकेक छोटं पितळी बटण.

आम्ही तिघींनी पाहिलं. मामाजींनीही पाहिलं. सासूबाईंनी कपबशी त्यांच्यापुढे धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. मामाजींनी मशीनवरचा हात काढला, कपबशी घेतली, खुर्चीत बसले. त्या पायांकडेच पाहत होते.

मग हळू आवाजात म्हणाले, "पुरलं का कापड?"

"पायांले पुरलं," सासूबाई म्हणाल्या. "हातांचं राहिलं."

मामाजींनी कपबशी खाली ठेवली आणि गळ्यातला मफलर दोन्ही हातांनी घट्ट धरला.