आमच्या घराण्याचा बाक

आमच्या चर्चचा रखवालदार सगळ्यांना 'भाऊ'च म्हणतो, अगदी पाळकसाहेबांनाही. दर रविवारी आमच्या घराण्याचा पुढचा बाक तो दोनदा पुसतो आणि मी दर रविवारी उशिरा पोचतो.

खामगावच्या रस्त्याच्या कामावर आलेले झारखंडचे मजूर तीन रविवार दाराबाहेर चपलांपाशी उभे राहून उपासना करत होते. आम्ही आत जाताना त्यांच्याकडे बघून प्रेमाने हसायचो. चौथ्या रविवारी ते आमच्या बाकावर बसलेले दिसले.

"हे काय बाप्पा?" मी रखवालदाराला कुजबुजत विचारलं.

"मीच बसवलं त्याहिले. तीन इतवार थे उभे होते, भाऊ. आज तुमी राहून पाहा."

मी चपलांपाशी जाऊन उभा राहिलो. तिथं प्रवचन ऐकूच येत नव्हतं.