घोंगडीच्या मुठी

शमुवेल गेल्याचं पत्र आलं तेव्हा मी अंगणात बसून खुरप्याची सैल झालेली मूठ पक्की करत होतो. पत्र त्याच्या बायकोचं, रूथवहिनींचं होतं, दोनच ओळींचं. वाचून झाल्यावर मला आधी त्याचा चेहरा आठवायला हवा होता, पण आठवली त्याची सायकल. खरं तर सायकलसुद्धा नव्हे, तिच्या हँडलच्या दोन मुठी. अशा वेळी मनाला काय सुचेल याचा नेम नसतो... पण शमुवेलला यात काही वावगं वाटलं नसतं. मुठी हा त्याच्या आवडीचा विषय होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. मी मिरजगावच्या शाळेत मास्तर आणि तो माझ्यापासून दोन घरं सोडून राहायचा. नगरच्या एका दवाखान्यातर्फे तो आसपासच्या गावांतल्या कुष्ठरोग्यांना औषध द्यायला जाई. महारोग म्हणत तेव्हा, आणि तोही आवाज खाली आणून. शमुवेलच्या खिशात एक पत्र्याची डबी असे, तीत कोंबडीचं पीस आणि टाचणी. रोग्याला डोळे मिटायला सांगून तो अंगावर पीस फिरवायचा आणि ‘कुठं लागलं?’ म्हणून विचारायचा. जिथं उत्तर येत नसे, म्हणजे रोगानं कातडी बधिर झालेली असे, तिथं त्याचं काम सुरू होई. डॉक्टर नसूनही सगळे त्याला डॉक्टरच म्हणत.

दवाखान्यानं त्याला दिलेली सायकल अजब होती. तिला फ्री-व्हील नव्हतं. मागचं चाक फिरलं की पायडल फिरायचंच. उतारावर पाय सोडून आरामात बसायची सोय नाही. ब्रेक नावाला. वेग आवरायचा तर फिरणारं पायडल पायांनी उलटं रेटायचं, आणि पाय रेटायचे तर हातांनी हँडल गच्च धरायचं. मी एकदा बसून पाहिलं आणि ओढ्याच्या उतारावर बाभळीत जाऊन पडलो. काटे काढता काढता त्यानं मला विचारलं, पडताना हँडल कुठल्या बोटांनी धरलं होतंस? दुसरा कोणी असता तर मी चिडलो असतो. पण याला खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं. नांगराची मूठ, जात्याचा खुंटा, न्हाव्याचा वस्तरा... कोण काय कसं धरतो हे तो टक लावून पाहत बसे. औषध देऊन झाल्यावरही अर्धा तास त्याचा असाच जाई.

मग सायकलच्या रबरी मुठी झिजून तुटल्या. लढाईमुळे रबर मिळेना. सात-आठ महिने तो उघड्या लोखंडी नळीवर हात दाबून खडीच्या रस्त्यानं हिंडला. एक दिवस शाळा सुटताना तो फाटकाशी आला. सायकल आमच्या दोघांच्या मध्ये होती आणि माझा हात सवयीनं तिच्या हँडलवर होता. तो शांतपणे म्हणाला, “उजवी करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट. पीस फिरवलं. कळत नाही.”

मी हँडलवरचा हात काढून घेतला. विचार करून नव्हे. हात आपोआप मागे आला. त्यानं ते पाहिलं. मग तो पावसापाण्याचं काहीतरी बोलला आणि निघून गेला.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. पुढचे दोन आठवडे मी त्याच्याकडे फिरकलो नाही. शाळेची तपासणी आहे असं सांगितलं. तपासणी एका दिवसाची होती. त्यानं वहिनींना आणि मुलीला कोपरगावला माहेरी पाठवलं होतं आणि स्वतःचा पेला, ताटली वेगळी केली होती. इतरांना हाताला धरून दवाखान्यात नेणारा हा माणूस स्वतः मात्र डॉक्टरांना दाखवायला धजत नव्हता. रोज इतकी बधिर बोटं पाहणाऱ्याला बधिर बोटाचा दुसरा अर्थ सुचणार तरी कसा?

तो सुचला कोंडीबाला. कोंडीबा त्याचा जुना रोगी, धनगर. हाताला काही कळत नसल्यानं फोड येत, म्हणून त्यानं खुरप्याच्या मुठीला घोंगडीची पट्टी गुंडाळली होती. शमुवेलनं नेहमीप्रमाणे ती निरखली आणि बोलता बोलता स्वतःच्या बोटांचं सांगून टाकलं, मुंग्या येतात तेही सांगितलं. कोंडीबा म्हणाला, “माझी बोटं गप हायेत, डाक्टर. लई वर्सं झाली, येक शबुद न्हाई. तुमची अजून भांडत्यात की. ते नळकांडं सोडा आधी.”

येताना कोंडीबानं दिलेल्या पट्ट्या त्यानं हँडलला गुंडाळल्या, हँडल दोन बोटं वर घेतलं आणि तो थेट माझ्या दारात आला. हातात मोराचं लांबलचक पीस होतं. म्हणाला, रोज दुपारी हे माझ्या बोटांवर फिरव, मी डोळे मिटतो. आपलंच आपण केलं तर मन फसवतं. मोराचं कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, जरा शोभा येते.

मी ओट्याच्या एका टोकाला, तो दुसऱ्या. पुष्कळ दिवस करंगळीवर पीस फिरे आणि तो गप्प बसून राही. तो गप्प बसला की मला भीती वाटे. दीड महिन्यानं एका दुपारी तो एकदम म्हणाला, “करंगळी.” मी पुन्हा फिरवलं. “करंगळीच,” तो म्हणाला, आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. नंतर डॉक्टरांनीही सांगितलं, रोग नाही, तळहाताच्या कडेची शीर दबली होती. वहिनी परत आल्या. त्यानं मला पुन्हा त्या सायकलवर बसवलं आणि माझे हात मुठींवर ठेवून म्हणाला, आवळू नकोस, नुसता हात ठेव, म्हणजे रस्ता कळतो. या खेपेला मी पडलो नाही.

परवा नगरला वहिनींना भेटून आलो. मागच्या खोलीत ती सायकल अजून आहे, मुठींवर काळी घोंगडी. बोलता बोलता मी म्हणालो, त्या वेळी मोराचं पीस कुठनं मिळवलं होतं कोण जाणे.

“गावभर हिंडून मिळवलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “कोंबडीचं होतंच की डबीत. पण मी परत आल्यावर हे म्हणाले, ते फार आखूड होतं, मास्तरांना जवळ यावं लागलं असतं.”

त्या चहा करायला आत गेल्या. मी सायकलजवळ गेलो. उजव्या मुठीच्या कडेला त्याच्या तळहातानं पडलेला खळगा होता. आवळायचं नाही, नुसता हात ठेवायचा, हे मला ठाऊक होतं. पण चहा येईपर्यंत मी ती मूठ आवळून धरली होती.