किनाऱ्यावरून केलेला टाटा

परवा गॅरेजमध्ये पेट्रोल आणि तापलेल्या रबराचा वास एकदम नाकात शिरला आणि इंग्लंडच्या साउथ कोस्टवरचा माझ्या लहानपणीचा तो बँक हॉलिडेच्या सार्वजनिक सुट्टीचा दिवस आठवला. बाबांच्या हॉस्पिटलमधल्या एका काकांनी बास मासे पकडायला छोटी मोटरबोट घेतली होती. तिच्यामागे दोराने बांधलेली हवेची ट्यूब आणि ट्यूबवर त्यांचा मुलगा, अंगात काकांचंच ढगळ लाइफ जॅकेट. मागे लक्ष ठेवायला बोटीत अजून एक जण हवा होता, पण काकू किनाऱ्यावर डबे उघडून बसल्या होत्या. “अहो, एकच चक्कर मारून आणा त्याला, पुऱ्या गार होतायत.” लांब वळणावर तो ट्यूबवरून पडला, हे आम्हाला नंतर कळलं. चकाकत्या पाण्यात दिसला तो फक्त त्याचा वर केलेला हात. “बघा, टाटा करतोय!” काकू म्हणाल्या आणि आम्ही सगळ्यांनी टाटा केला. काकांनी आमचे हलणारे हात पाहिले, स्वतःही हात हलवला आणि बोट तशीच पुढे नेली. ते मागे वळले तेव्हा पाण्यावर नुसतं नारिंगी जॅकेट तरंगत होतं. आता आम्ही त्यांच्याकडून निघतो तेव्हा माझी मुलगी गाडीच्या काचेतून टाटा करते. काकू दारात उभ्या राहून हसतात, पण दोन्ही हात कार्डिगनच्या खिशात घट्ट धरून ठेवतात.